स्थानिक स्वराज्य संस्थांतील लोकप्रतिनिधींचे प्रशिक्षण

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद व महानगरपालिका यांवर निवडून आलेल्या सदस्यांना आणि पदाधिकाऱ्यांना त्यांचे अधिकार, कर्तव्ये, सभाशास्त्र, अर्थव्यवहार व सार्वजनिक नेतृत्व यांविषयी पद्धतशीर शिक्षण देण्याची व्यवस्था. नोकरवर्गाच्या प्रशिक्षणाहून ही बाब मूलतः भिन्न आहे. नोकर हा पात्रता पाहून नेमला जातो आणि त्याला काय शिकवावे, हे नेमणारा ठरवितो. निर्वाचित सदस्याची पात्रता मतदारांनी ठरविलेली असते व त्याचा अधिकार त्यांच्याकडून आलेला असतो. साहजिकच त्याला शिकविण्याचा अधिकार कोणाचा, कोणत्या विषयांचा आणि कशासाठी, हे प्रश्न आरंभापासून वादाचे ठरले आहेत. ज्या अधिकाऱ्यांच्या कामावर सदस्याने देखरेख करावयाची, त्यांच्याकडूनच त्याने कारभाराचे धडे घ्यावेत, ही या व्यवस्थेतील विसंगती आहे व तिच्या इतिहासात ती वारंवार डोके वर काढते.

पूर्वपीठिका : स्थानिक संस्था ही स्वतःच एक शाळा आहे, तिच्यासाठी आणखी शाळा काढण्याचे कारण नाही, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात प्रबळ होती. जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याने प्रातिनिधिक शासनावरील आपल्या ग्रंथात (१८६१) स्थानिक मंडळांचे मोठे प्रयोजन नागरिकांचे सार्वजनिक शिक्षण हेच मानले होते. भारतात लॉर्ड रिपनच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात हीच विचारसरणी आढळते. प्रशासन सुधारावे हा या योजनेचा प्रमुख हेतू नसून लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून ती इष्ट आहे, असे त्यात स्पष्ट केले होते. प्रारंभी चुका होतील आणि कार्यक्षमता घटेल, हेही गृहीत धरले होते. सरकारी अधिकाऱ्यांनी सदस्यांना बाहेरून मार्गदर्शन करावे, आतून हुकूम सोडू नयेत, अशी रिपनची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात निराळे घडले. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्यांनी जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आणि सुधारित नगरपालिका अस्तित्वात आल्या. तथापि जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्षपद दीर्घकाळ जिल्हाधिकाऱ्याकडेच राहिले. जो सभेचा अध्यक्ष, तोच जिल्ह्याचा महसूलप्रमुख आणि दंडाधिकारी, अशा सभेत विरोधी मत नोंदविण्यास धैर्य लागे. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या पुणेभेटीनिमित्त करावयाच्या खर्चाला त्यांनी एकट्याने विरोध केला, हा प्रसंग महाराष्ट्रात सुपरिचित आहे. नियुक्त सदस्यानेही सभागृहात कसे वागावे, याचा हा धडा कोणत्याही वर्गात दिला गेलेला नव्हता.

पुढील पिढीतील पुष्कळ राष्ट्रीय नेत्यांनी अशाच संस्थांत कारभाराची ओळख करून घेतली. सर फिरोजशाह मेहता यांची मुंबई महानगरपालिकेतील कामगिरी प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळक हे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९२०–३० या दशकात सरदार वल्लभभाई पटेल अहमदाबादेत, जवाहरलाल नेहरू अलाहाबादेत, राजेंद्र प्रसाद पाटण्यात व चित्तरंजन दास कलकत्त्यात नगरशासनाचे प्रमुख होते. यांतील गोखल्यांचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. सार्वजनिक कार्य निष्ठेप्रमाणेच अभ्यासाने व शिस्तीनेही करावयाचे असते, या जाणिवेतून त्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली व नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी घालून दिली. हा समाज स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी नव्हता. परंतु लोकसेवकाला तयार करावे लागते, हा विचार संस्थारूपाने मांडण्याचा भारतातील हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

असा विचार अपवादात्मक होता. सदस्यांच्या अज्ञानावर किंवा पक्षपातावर सरकारने योजलेला नेहमीचा उपाय म्हणजे अधिकार काढून घेणे. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपविण्यात आला. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या गावोगावच्या तटांच्या राजकारणात सापडल्याच्या तक्रारी लवकरच सुरू झाल्या व त्यांत तथ्यही होते. १९३८ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन प्रशासन अधिकारी हा सरकारी नोकर ठरला, तपासणी सरकारकडे गेली आणि १९४७ च्या नव्या अधिनियमाने तीच दिशा कायम ठेवली. दुरुस्ती करणारे सरकार लोकनियुक्त होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पंधरा वर्षांत स्कूल बोर्डाच्या सदस्यांना शाळा, अंदाजपत्रक किंवा नियम यांचे शिक्षण देण्याचा उपाय मात्र गंभीरपणे करून पाहण्यात आला नाही.

मुंबईत १९२६ साली स्थापन झालेली स्थानिक स्वराज्य संस्था (इन्स्टिट्यूट), म्हणजे पुढील काळातील अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, ही या क्षेत्रातील जुनी व महत्त्वाची संस्था होय. तिच्या उभारणीशी चुनीलाल बर्फीवाला यांचे नाव निगडित असून अंधेरी येथील तिच्या वास्तूसमोरील मार्गाला ते देण्यात आले आहे. स्वच्छता निरीक्षक आणि स्थानिक प्रशासनातील कर्मचारी यांसाठी तिने चालविलेल्या अभ्यासक्रमांमुळे नगरपालिकांच्या सेवेला काही एक व्यावसायिक दर्जा आला. तिने नियतकालिकही चालविले. परंतु पदविका मिळे ती कर्मचाऱ्याला. नगरसेवक परिषदांना येई, ठराव करी व परत जाई. कर्मचारी शिकत गेला आणि सदस्य होता तेथेच राहिला, तर सभागृहातील सत्तेचा तोल नकळत ढळतो. नगरपालिकांत मुख्याधिकाऱ्याच्या टिपणीवर विनाचर्चा मंजुरीची मोहोर उठविण्याची जी प्रथा पडली, तिचे एक मूळ येथे आहे.

संस्थानी प्रदेशांतील प्रयोगांपैकी औंधचा उल्लेख आवश्यक आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अंमलात आणली. सत्ता आधी दिली आणि शिक्षण तिच्याबरोबर चालू ठेवले, हे या छोट्या संस्थानाचे वैशिष्ट्य. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर हा प्रयोग थांबला.

सामूहिक विकास व पंचायत राज्य : स्वातंत्र्योत्तर काळात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यात ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाची मोठी यंत्रणा प्रथम उभी राहिली. गावच्या पुढाऱ्यांसाठी अल्पमुदतीची शिबिरे भरविण्यात आली, परंतु शेतीच्या सुधारित पद्धती आणि सरकारी योजना यांची माहिती देणे, हाच त्यांचा भर होता. लोकांनी कार्यक्रमात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा होती; तो त्यांनी चालवावा, अशी नव्हती. बलवंतराय मेहता समितीने नोव्हेंबर १९५७ मध्ये सादर केलेल्या अहवालात हे वैगुण्य उघड केले आणि लोकशाही विकेंद्रीकरणाची त्रिस्तरीय योजना मांडली. राजस्थानात नागौर येथे २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंचायत राज्याचे उद्‌घाटन झाले.

आता सहस्रावधी अननुभवी सदस्यांच्या हाती विकासाचा पैसा येणार होता. त्यांना तयार करण्याचे काम अनेक पातळ्यांवर सुरू झाले. मसुरी येथे १९५८ मध्ये सामूहिक विकासाच्या अभ्यासासाठी व संशोधनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली होती. तीतूनच पुढे राष्ट्रीय सामूहिक विकास संस्था आकारास आली. ती हैदराबादला हलविण्यात आली, १९७७ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था असे झाले व २०१३ मध्ये त्याला पंचायत राज्याची जोड मिळाली. मसुरीच्या उद्बोधन वर्गांत अधिकारी व बिनसरकारी कार्यकर्ते यांना एकत्र बसविण्याची पद्धत होती. केंद्रीय मंत्री सुरेंद्रकुमार डे यांचा या सहशिक्षणावर विश्वास होता. राज्याराज्यांत पंचायत राज्य प्रशिक्षण केंद्रे निघाली. त्यांतील काही सरकारने, तर काही स्वयंसेवी व सर्वोदयी संस्थांनी चालविली. केंद्रीय मदत आटली आणि १९६५ नंतर पंचायत राज्याचाच उत्साह ओसरला, तेव्हा यांतील पुष्कळ केंद्रे बंद पडली अथवा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे वळली.

याच सुमारास तत्कालीन पूर्व पाकिस्तानात एक वेगळी पद्धत आकारास येत होती व तिचा परामर्श येथे घेणे योग्य ठरेल. कोमिल्ला येथील ग्रामविकास अकादमीचे (स्थापना १९५९) संचालक अख्तर हमीद खान हे पूर्वाश्रमीचे भारतीय मुलकी सेवेतील अधिकारी होते. गावकऱ्याला एकदाच शिबिराला बोलावून वर्षाचे शिक्षण चार दिवसांत पाजण्यापेक्षा त्याने ठाण्याच्या ठिकाणी नेमाने यावे, एक गोष्ट शिकावी, गावी जाऊन ती सर्वांना सांगावी आणि पुढच्या खेपेस अडचणी घेऊन परत यावे, अशी त्यांची रीत होती. १९६१–६२ मधील ग्रामीण बांधकाम कार्यक्रमात युनियन कौन्सिलच्या सदस्यांनी आपापल्या भागातील कालवे, बांध व रस्ते यांच्या योजना स्वतः तयार केल्या आणि हिशेब लोकांसमोर ठेवला. ज्या ‘मूलभूत लोकशाही’च्या चौकटीत हे घडले, ती अयुबखानांच्या लष्करी राजवटीची होती, हा या प्रयोगावरील डाग पुसता येत नाही. तरी शिकविण्याच्या पद्धतीपुरते पाहिले, तर कोमिल्लाने जे साधले ते भारतातील बहुतेक केंद्रांना साधले नाही. ब्रिटनमध्ये स्थानिक शासनासाठी प्रशिक्षण मंडळ निघाले ते १९६७ मध्ये आणि तेथेही प्रारंभीचा रोख अधिकाऱ्यांवरच होता. नगरसेवक हा हौशी गृहस्थ असतो व तसाच तो बरा, अशी त्या देशाची समजूत बराच काळ टिकून होती.

महाराष्ट्रातील व्यवस्था : वसंतराव नाईक समितीच्या अहवालानुसार (मार्च १९६१) महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी २५ जिल्हा परिषदा व २९५ पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. इतर राज्यांच्या तुलनेने येथे जिल्हा पातळी अधिक बलिष्ठ करण्यात आली. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले गेले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी निर्वाचित अध्यक्षासमवेत काम करू लागला. ग्रामीण भागातून नवे नेतृत्व उभे राहावे, हा यशवंतराव चव्हाण यांचा या रचनेमागील एक उद्देश होता आणि तो पुष्कळ अंशी सफल झाला. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य रा. रा. (आर. आर.) पाटील उपमुख्यमंत्री झाले.

या यशाचे श्रेय मात्र प्रशिक्षणवर्गांना देता येत नाही. स्थायी समिती व विषय समित्या याच या पिढीच्या शाळा होत्या. अंदाजपत्रकाच्या सभेत एखाद्या रस्त्यासाठी रक्कम मिळवावयाची, तर लेखाशीर्ष कोणते, पुनर्विनियोजन कसे होते, गणपूर्ती किती लागते, हे समजून घ्यावे लागे. अनुभवी सभापतीच्या शेजारी बसून ते समजे. ज्याच्या घरी आधीपासून सहकारी साखर कारखान्याचे किंवा बँकेचे संचालकपद होते, त्याला ही विद्या घरातच मिळे. ज्याला असे घर नव्हते, त्या राखीव जागेवरील सदस्याला शिकविणारे सभागृहात कोणी नसे. अनुभव हाच गुरू, असे म्हणताना तो गुरू सर्वांना सारखे शिकवीत नाही, ही गोष्ट विसरली जाते. औपचारिक प्रशिक्षणाची खरी गरज कोणाला होती, हे यावरून दिसून येते.

राज्य शासनाची प्रशिक्षणसंस्था १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, तीही मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी. १९८४ मध्ये ती पुण्यास आली व तिला विकास प्रशासन संस्थेचे रूप मिळाले. १९९० मध्ये तिचे यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी (यशदा) असे नामकरण झाले. ग्रामीण विकासाची राज्य संस्था तिच्यातच असल्याने पंचायतींच्या सदस्यांच्या प्रशिक्षणाची मुख्य जबाबदारी तिच्याकडे आली. नागरी संस्थांसाठी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेत १९६८ पासून केंद्र शासनाच्या साहाय्याने प्रादेशिक नागरी अभ्यासकेंद्र चालू झाले. भाईंदरजवळील उत्तन येथील रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (स्थापना १९८२) ही लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी निघालेली बिनसरकारी संस्था होय. राजकीय पक्षांनी स्वतःच्या सदस्यांसाठी घेतलेली शिबिरे अनेक आहेत. त्यांत कारभारापेक्षा प्रचाराचे शिक्षण अधिक असते.

येथे एका अडचणीचा निर्देश केला पाहिजे. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७ व १९७२ मध्ये झाल्या. नंतरची निवडणूक १९७९ मध्ये आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये झाली. तेरा वर्षे तेच सदस्य किंवा त्यांच्या जागी प्रशासक, अशी स्थिती असेल, तर नव्या सदस्याला शिकविण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. बोंगीरवार समितीपासून (१९७०–७१) प्रा. पी. बी. पाटील समितीपर्यंत (१९८४–८६) अनेक समित्यांनी पंचायत राज्याचे मूल्यमापन केले. त्यांच्या शिफारशी काहीही असोत, वेळेवर निवडणुका घेण्याचे बंधन शासनावर नव्हते.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती व महिला सदस्य : हे बंधन २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या घटनादुरुस्तीने घातले. नागरी संस्थांसाठीची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती त्याच वर्षी १ जूनला लागू झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एकतृतीयांश जागा व पदे, यांमुळे प्रशिक्षणाच्या कल्पनेतच पालट झाला. महाराष्ट्राने १९९० मध्येच महिलांना ३० टक्के जागा देऊ केल्या होत्या व २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. कर्नाटकात १९८३ च्या अधिनियमानुसार १९८७ मध्ये झालेल्या निवडणुकांत २५ टक्के जागा राखीव होत्या. देशातील पंचायत सदस्यांची संख्या सुमारे ३० लाखांवर गेली. यांतील बहुसंख्य सदस्य प्रत्येक निवडणुकीत नवे असतात; कारण राखीव जागा फिरत राहतात. पहिल्या दोन वर्षांत शिकलेली महिला सरपंच पाचव्या वर्षी अनुभवी होते आणि तिची जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. प्रशिक्षणावर झालेल्या खर्चाचा मोठा भाग अशा रीतीने वाहून जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणारे लोक आरक्षणाची फिरती रद्द करा असे म्हणतात. मुदत संपलेल्या सदस्यांना प्रशिक्षक म्हणून वापरा असे क्वचितच म्हणतात.

या काळात शिकविण्याचे विषय नव्याने ठरवावे लागले. आधीच्या वर्गांत अधिनियमाची कलमे क्रमाने वाचून दाखविली जात. शाळेचा फारसा अनुभव नसलेल्या, घराबाहेर एक रात्रही न राहिलेल्या आणि तान्हे मूल कडेवर घेऊन आलेल्या स्त्रीला त्यांचा उपयोग नव्हता. महिला राजसत्ता आंदोलनासारख्या चळवळींनी व अनेक स्वयंसेवी गटांनी निराळा क्रम घेतला. आपले नाव सांगणे, खुर्चीवर बसणे, इतिवृत्त वाचून होईपर्यंत सही न करणे, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर कधीही सही न करणे, ग्रामसेवकाला दप्तर दाखविण्यास सांगणे, ही या क्रमातील पहिली पाठ्ये होती. सभेचा लटका प्रयोग करून त्यात अडथळे आणणारा उपसरपंच कोणीतरी व्हायचे आणि त्याला उत्तर द्यायचे, ही पद्धत फार परिणामकारक ठरली. कोऱ्या कागदाचा धडा प्रथम का, हे सहज समजण्याजोगे आहे. अपहार झाल्यास वसुली व अपात्रता सही करणाऱ्या सरपंचावर येते. कागद पुढे करणारा मोकळा राहतो. अज्ञानामुळे पद गमावलेल्या सदस्यांत महिला, दलित व आदिवासी यांचा भरणा आढळतो. कराची थकबाकी मुदतीत न भरणे, जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर सादर न करणे, अशी कारणे वरकरणी किरकोळ दिसतात, परंतु तालुक्याला जाऊन ती निस्तरण्याचे ज्ञान सर्वांपाशी सारखे नसते. महिला सरपंचांना अविश्वासाच्या ठरावाने उठविण्याचे प्रकार वाढल्यावर महाराष्ट्रात अशा ठरावासाठी तीनचतुर्थांश बहुमताची अट घालण्यात आली.

पतीने किंवा सासऱ्याने कारभार पाहण्याचा प्रकार सर्वत्र बोलला जातो. त्याचे प्रमाण घटत असले, तरी तो नाहीसा झालेला नाही आणि २०२५ मध्ये केंद्रीय पंचायत राज्य मंत्रालयाने महिला सदस्यांच्या नेतृत्वप्रशिक्षणाचे खास अभियान हाती घेण्यामागे हेही एक कारण होते. प्रशिक्षणवर्गाच्या दाराशी दिवसभर थांबलेले पतिराज हे जुन्या प्रशिक्षकांच्या परिचयाचे दृश्य आहे. काही प्रशिक्षकांनी त्यांचाही वेगळा वर्ग घेण्यास आरंभ केला. ही युक्ती विनोदी वाटली, तरी उपयुक्त होती.

अन्य राज्यांत केरळचा प्रयत्न सर्वांत व्यापक ठरला. त्रिसूरजवळील स्थानिक प्रशासन संस्था (किला) १९९० मध्ये स्थापन झाली होती. ऑगस्ट १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू होऊन राज्याच्या योजनाखर्चातील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे वळविण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्य, जिल्हा व गाव अशा तीन पातळ्यांवर फेऱ्याफेऱ्यांनी प्रशिक्षण देण्यात आले. शिकविणाऱ्यांत शिक्षक, निवृत्त अभियंते आणि शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते होते. त्या वर्षी शिकलेले त्याच वर्षी वापरावयाचे होते, कारण रक्कम खरोखरच गावाला मिळणार होती. पैसा आणि निर्णय हाती नसताना दिलेले नियोजनाचे शिक्षण विसरले जाते, हे इतर राज्यांत दिसून आले. कर्नाटकात १९९५ च्या सुमारास भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्याने उपग्रहाद्वारे महिला सदस्यांचे प्रशिक्षण झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत बसलेल्या स्त्रिया पडद्यावरील मंत्र्याला दूरध्वनीवरून प्रश्न विचारीत व त्यांचे प्रश्न सर्व केंद्रांत ऐकू जात. एकीची तक्रार शेकडो जणींनी एकाच वेळी ऐकणे, हाच यातील मोठा लाभ होता.

केंद्रात मे २००४ मध्ये स्वतंत्र पंचायत राज्य मंत्रालय स्थापन झाल्यावर प्रशिक्षणासाठी नियमित निधी येऊ लागला. मागास क्षेत्र अनुदान निधीतून २५० जिल्ह्यांना क्षमतावृद्धीसाठी प्रत्येकी वर्षाला एक कोटी रुपये देण्याची तरतूद होती. २०१८ पासून पुनर्रचित राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानाखाली हे काम आले. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) पंचायतींसाठी सुमारे दोन लाख कोटी रुपयांची शिफारस केली व ती रक्कम ग्रामपंचायतींकडे जाऊ लागली, तेव्हा महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचे आराखडे करण्याचे वर्ग सर्वदूर झाले. त्यांच्या संख्येविषयी शंका नाही, गुणवत्तेविषयी आहे. दोन-तीन दिवसांच्या वर्गात पन्नास-साठ सदस्य, एकामागून एक खातेप्रमुखांची भाषणे, मध्ये भोजन व शेवटी प्रमाणपत्र, हा साचा अद्याप मोडलेला नाही. हजेरीपत्रक हेच यशाचे मोजमाप मानले जाते. पुढे संगणकीय प्रणालींतून देयके देण्याची पद्धत आली आणि सरपंचाच्या सहीची जागा अंकीय स्वाक्षरीने घेतली. ही स्वाक्षरीची किल्ली पुष्कळ ठिकाणी सरपंचाच्या हाती नसून ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याच्या खणात असते. कोऱ्या धनादेशाचा जुना धडा नव्या रूपाने पुन्हा द्यावा लागतो.

याउलट अभ्यासदौऱ्यांचा परिणाम अधिक टिकाऊ दिसतो. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ही अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावे पाहण्यास राज्यभरातून सरपंच जात आले आहेत. हिवरे बाजारचे सरपंच म्हणून १९८९ मध्ये निवडून आलेले पोपटराव पवार यांच्यासारखा अनुभवी कार्यकर्ता पाण्याचा ताळेबंद समजावून देतो, तेव्हा ऐकणारा त्याला अडचणीचे प्रश्न विचारतो. अधिकाऱ्याला तो असे प्रश्न विचारीत नाही.

शिक्षण की पात्रता : सदस्य अशिक्षित आहेत, यावर प्रशिक्षण हा एक उपाय, अशिक्षितांना उभेच राहू न देणे हा दुसरा. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये अध्यादेश काढून सरपंचपदासाठी आठवी (अनुसूचित क्षेत्रांत पाचवी) व वरच्या दोन स्तरांसाठी दहावी उत्तीर्णतेची अट घातली. हरयाणाने २०१५ मध्ये तिचे अनुकरण केले. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात हरयाणाचा कायदा वैध ठरविला. बऱ्यावाइटाची निवड करण्यास शिक्षण साहाय्यभूत होते, असा न्यायालयाचा आशय होता. खासदार व आमदार यांना अशी अट नाही, हा आक्षेप तसाच राहिला. राजस्थानने २०१९ मध्ये अट मागे घेतली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये थेट निवडून द्यावयाच्या सरपंचासाठी, १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवारांपुरती, सातवी उत्तीर्णतेची सौम्य अट स्वीकारली. ज्या पिढीला शासनाने शाळा दिली नाही, तिला शाळेअभावी अपात्र ठरविणे अन्यायाचे आहे, हे जन्मतारखेच्या या मर्यादेतून अप्रत्यक्षपणे मान्य झाले आहे. प्रशिक्षणवर्गांचा अनुभवही याला दुजोरा देतो. निरक्षर सदस्याला हिशेब कळत नाही, असे नसते. हिशेब वहीत कोणत्या पानावर लिहिला आहे, हे त्याला दाखवावे लागते.

नागरी संस्थांत प्रशिक्षणाची उपेक्षा अधिक आहे. नगरसेवक शिकलेला असतो, या समजुतीने त्याला एखाद्या दिवसाच्या उद्बोधनावर सोडून दिले जाते. वस्तुतः विकास आराखडा, मालमत्ताकराची आकारणी, निविदा, घनकचरा यांसारखे विषय ग्रामपंचायतीच्या कारभाराहून कितीतरी क्लिष्ट आहेत.

इतर मागासवर्गांचे आरक्षण व प्रभागरचना यांविषयीच्या वादांमुळे महाराष्ट्रातील बहुसंख्य महानगरपालिका, नगरपरिषदा व जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका २०२२ नंतर दीर्घकाळ लांबल्या आणि त्यांचा कारभार प्रशासकांकडे गेला. मुंबई महानगरपालिकेच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत देशातील सर्वांत श्रीमंत नगरसंस्थेचे अंदाजपत्रक आयुक्तांनीच प्रशासक या नात्याने मांडले व त्यांनीच ते मंजूर केले. प्रशिक्षण देण्यास तेथे एकही निर्वाचित सदस्य नव्हता.